बायूकाठच्या वाटा आणि मतदारांनी मंजूर केलेले कर्ज

अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील ह्यूस्टन शहराच्या मतदारांनी ६ नोव्हेंबर २०१२ रोजी, म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्याच दिवशी, उद्यानांसाठी १६ कोटी ६० लाख डॉलरचे कर्ज उभारण्यास सुमारे ६८ टक्के मतांनी संमती दिली. या रकमेपैकी १० कोटी डॉलर शहरातून वाहणाऱ्या संथ प्रवाहांच्या काठाने सलग हरितमार्ग तयार करण्यासाठी होते आणि उरलेले ६ कोटी ६० लाख डॉलर आधीपासून असलेल्या उद्यानांच्या सुधारणेसाठी. हरितमार्ग म्हणजे नदी, ओढा, जुना लोहमार्ग किंवा टेकडीची धार अशा लांबट भूभागाला धरून जाणारा, झाडीने वेढलेला आणि पायी चालणाऱ्यांसाठी व सायकलस्वारांसाठी राखलेला सलग पट्टा. बाग एका जागी असते, हरितमार्ग अनेक वस्त्यांना आणि अनेक बागांना एकमेकींशी जोडत जातो. अशा पट्ट्यासाठी शहराने कर्ज काढावे, ते काढण्यापूर्वी नागरिकांना मतपत्रिकेवर विचारावे आणि नागरिकांनी आपल्या मालमत्ता करातून ते फेडण्याचे मान्य करावे, ही पद्धत मराठी वाचकाला फारशी परिचयाची नाही. ती कशी चालते, कोठून आली, तिच्यामुळे ह्यूस्टनच्या पदरात काय पडले आणि कोणत्या गोष्टी तिच्या आवाक्याबाहेर राहिल्या, याचा परिचय करून देणे हा या प्रस्तावनेचा हेतू आहे.

उद्यानांवरील खर्च मुळातच दोन प्रकारचा असतो आणि पुढील सर्व विवेचन या भेदावर उभे आहे. जमीन विकत घेणे, वाट बांधणे, पूल टाकणे, झाडे लावणे हा भांडवली खर्च एकदाच, पण मोठ्या रकमेने करावा लागतो. गवत कापणे, कचरा उचलणे, दिवे चालू ठेवणे, माळ्यांचे आणि रखवालदारांचे पगार देणे हा महसुली खर्च रकमेने लहान असला तरी दरवर्षीचा आणि कायमचा असतो. भांडवली खर्च चालू वर्षाच्या करातून भागवायचा म्हटले, तर रस्ते, पाणी आणि पोलीस यांच्या मागण्यांपुढे उद्यानाचा क्रमांक नेहमीच शेवटी लागतो, म्हणून शहरे कर्जरोखे विकतात. रोखा विकत घेणारा गुंतवणूकदार आज रक्कम देतो आणि त्या बदल्यात शहर त्याला ठरलेल्या दराने व्याज व ठरलेल्या मुदतीत, बहुधा वीस ते तीस वर्षांत, मुद्दल परत करण्याची हमी लिहून देते. पाणीपट्टीसारख्या एखाद्या विशिष्ट उत्पन्नातून फेडायचे रोखे वेगळे आणि शहराच्या संपूर्ण करशक्तीच्या जोरावर काढलेले रोखे वेगळे; उद्यानातून नाव घेण्याजोगे उत्पन्न मिळत नसल्याने त्यासाठी बहुतांशी दुसऱ्याच प्रकारचे रोखे काढावे लागतात. अशा रोख्यांमागे प्रत्येक घरमालकाच्या मालमत्ता कराचे तारण असते आणि त्यांच्या व्याजावर अमेरिकेत संघराज्याचा प्राप्तिकर सहसा लागत नाही, त्यामुळे शहराला कमी दराने पैसा मिळतो. ज्याचा कर तारण ठेवायचा त्याची परवानगी घेतली पाहिजे, हा विचार येथूनच सुरू होतो.

हा विचार मोठ्या आर्थिक पडझडीतून कायद्यात आला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकी राज्यांनी कालवे आणि लोहमार्ग यांसाठी भरमसाट कर्जे काढली. १८३७च्या मंदीनंतर त्यांपैकी कित्येकांना व्याजही देता आले नाही. न्यूयॉर्कच्या १८४६च्या राज्यघटनेत राज्याच्या मोठ्या कर्जाला मतदारांची मान्यता आवश्यक ठरवली गेली आणि इतर राज्यांनीही निरनिराळ्या स्वरूपात हीच वाट धरली. पुढे शहरांनी आणि काउंट्यांनी (काउंटी म्हणजे साधारणतः आपल्या जिल्ह्याच्या जागी असलेला प्रशासकीय विभाग) आपल्या गावावरून रेल्वे जावी म्हणून खासगी रेल्वे कंपन्यांना रोख्यांच्या रूपाने मदत केली, १८७३च्या मंदीत त्यांपैकी अनेक कंपन्या बुडाल्या आणि गावे मात्र कर्जात राहिली, तेव्हा हेच बंधन स्थानिक संस्थांवरही अधिक कडकपणे आले. म्हणजे मतदारांचा कौल घेण्याची ही तरतूद लोकप्रतिनिधींवरील अविश्वासातून जन्मली होती आणि तिचा मूळ उद्देश कर्ज अडवण्याचा होता. तीच तरतूद शंभर-सव्वाशे वर्षांनंतर उद्यानांच्या बाजूने काम करू लागली, हे या इतिहासातील सर्वांत लक्षणीय वळण मानावे लागेल. जमीन-संवर्धनाचे काम करणाऱ्या ट्रस्ट फॉर पब्लिक लँड या संस्थेने १९८८पासून अशा मतदानांची नोंद ठेवली आहे आणि तिच्यानुसार मोकळ्या जमिनींसाठी मांडलेल्या प्रस्तावांपैकी चारांतले सुमारे तीन मंजूर होत आले आहेत. कर वाढवण्याच्या नुसत्या कल्पनेला विरोध करणारा मतदार, आपल्या पैशातून नेमके काय उभे राहणार हे स्पष्ट सांगितले गेले म्हणजे होकार देतो, असा या नोंदीचा अर्थ लावता येतो.

ह्यूस्टनचे उदाहरण मध्यवर्ती घेण्याचे कारण असे की, तेथे या पद्धतीचे गुण आणि मर्यादा या दोन्ही गोष्टी ठळक दिसतात, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे उशिराची किंमत तेथे मोजता येते. १८३६ मध्ये ॲलन बंधूंनी हे शहर वसवले ते बफेलो आणि व्हाइट ओक या दोन प्रवाहांच्या संगमावर. तेथील लोक अशा प्रवाहाला बायू म्हणतात: समुद्राजवळच्या सपाट, चिकणमातीच्या प्रदेशातून जवळजवळ उतार नसल्यासारखा वाहणारा, एरवी संथ आणि मोठ्या पावसात काठ सोडून पसरणारा ओढा. ब्रेज, सिम्स, हंटिंग, हॉल्स, ग्रीन्स अशी नावे असलेले हे बायू बहुतांशी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि शहराच्या श्रीमंत, मध्यमवर्गीय व गरीब अशा सर्व वस्त्यांमधून जातात. १९१३ मध्ये आर्थर कोमी या मॅसॅच्युसेट्समधील नगररचनाकाराने ह्यूस्टनच्या उद्यान आयोगासाठी एक आराखडा लिहिला. बायूंचे काठ हीच या शहराच्या उद्यानांची नैसर्गिक जागा आहे आणि ते शहराने वेळीच ताब्यात घेऊन एकमेकांना जोडावेत, असे त्याने त्यात सुचवले होते. १९१०च्या जनगणनेत ह्यूस्टनची लोकसंख्या ८० हजारांच्याही आत होती. काठची बरीचशी जमीन मोकळी होती आणि स्वस्त होती.

त्या आराखड्याचे थोडेच भाग अमलात आले. १९१४ मध्ये जॉर्ज हर्मन यांनी दिलेल्या जमिनीवर हर्मन पार्क झाले, १९२०च्या दशकात मेमोरिअल पार्कची विस्तीर्ण जागा शहराला मिळाली, परंतु काठांना जोडणारी साखळी कागदावरच राहिली. १९२९ आणि १९३५ या वर्षी आलेल्या महापुरांनंतर १९३७ मध्ये हॅरिस काउंटीचे पूर नियंत्रण प्राधिकरण स्थापन झाले आणि बायूंकडे पाहण्याची दृष्टीच बदलली: पाणी शक्य तितक्या लवकर शहराबाहेर घालवणारी नळी, एवढाच त्यांचा उपयोग उरला. झाडे तोडून, वळणे सरळ करून, तळ व काठ काँक्रीटने मढवून ब्रेज आणि व्हाइट ओक यांचे मोठे भाग गटारासारखे करण्यात आले. बफेलो बायूवर तीच पाळी येत होती; १९६०च्या दशकात टेरी हर्शी या नागरिक स्त्रीने शेजाऱ्यांना संघटित करून, तेव्हा काँग्रेसचे सदस्य असलेल्या जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश यांची मदत मिळवून ते काम थांबवले. आज त्या बायूच्या काठी जी दाट झाडी दिसते तिचे श्रेय या लढ्याला आहे, आणि कोणत्याही कर्जरोख्याने ती पुन्हा उभी करता आली नसती, हे येथे मुद्दाम नोंदवले पाहिजे. पैसा जमीन विकत घेऊ शकतो; शंभर वर्षांचे झाड आणि मातीचा जिवंत काठ त्याला विकत घेता येत नाही.

या दुर्दैवी कालखंडातून एक अनपेक्षित लाभही हाती आला. पूर नियंत्रणासाठी प्राधिकरणाने बायूंच्या दोन्ही बाजूंची जमीन संपादित केलेली होती, आणि त्यामुळे विसाव्या शतकाच्या शेवटी शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारे लांबच लांब पट्टे सार्वजनिक मालकीचे होते. फक्त त्यांच्यावर लोकांनी चालावे असे कोणी ठरवलेले नव्हते. २०१० नंतर आकाराला आलेल्या योजनेचे मर्म हेच होते. सार्वजनिक जमिनीवर वाट बांधायची, तुटलेल्या दुव्यांच्या ठिकाणी तेवढीच खासगी जमीन घ्यायची आणि सर्व प्रमुख बायूंच्या काठाने मिळून सुमारे १५० मैलांचे, म्हणजे २४० किलोमीटरचे जाळे पूर्ण करायचे. हे जाळे पूर्ण झाल्यावर शहरातील दहांपैकी सहा रहिवाशांचे घर कोणत्या तरी हरितमार्गापासून दीड मैलाच्या आत येईल, असा हिशेब मांडला गेला. ज्या शहरात जमिनीच्या वापराचे निवासी, व्यापारी, औद्योगिक असे विभाग पाडणारे नियमच नाहीत, आणि म्हणून बाजाराच्या ओघात मोकळी जागा शिल्लक राहण्याची शाश्वती नाही, तेथे हे आकडे फार मोलाचे आहेत. २०१० साली ह्यूस्टनची लोकसंख्या सुमारे २१ लाख झाली होती. कोमीने ज्यांच्यासाठी आराखडा लिहिला त्यांच्या सव्वीसपट लोकांसाठी तीच योजना आता, चढ्या भावाने आणि काँक्रीटच्या काठांवर, करायची होती.

पैशाची रचना अशी करण्यात आली की, एकूण २२ कोटी डॉलरच्या अंदाजित खर्चापैकी १० कोटी मतदारांनी मंजूर केलेल्या कर्जातून यावेत आणि १२ कोटी ह्यूस्टन पार्क्स बोर्ड या १९७६ मध्ये स्थापन झालेल्या ना-नफा संस्थेने देणग्यांमधून व इतर मार्गांनी जमवावेत. २०१३ मध्ये किंडर फाउंडेशनने एकट्याने ५ कोटी डॉलरची देणगी जाहीर केली. कौल आधी आणि मोठी देणगी नंतर, हा क्रम विचारात घेण्याजोगा आहे. धनवंताच्या देणगीवर उभी राहणारी बाग ही सहसा धनवंताच्या पसंतीच्या जागी होते, परंतु येथे मतदारांनी संपूर्ण जाळ्याला आधीच मान्यता दिलेली असल्याने देणगीदाराला त्या जाळ्याचा एखादा सोयीचा तुकडा उचलून घेण्याचा मोह टळला. अर्थात देणगीदारांवर इतके अवलंबून राहणे सर्वच शहरांना परवडणारे नाही. तेलाच्या आणि वायूच्या व्यवसायात मोठ्या संपत्ती निर्माण झालेल्या ह्यूस्टनची ही स्थिती विशेष आहे आणि तिचे अनुकरण सुचवताना हे लक्षात ठेवावे लागते.

मतदानाच्या दिवशी लोकांपुढे प्रत्यक्षात काय ठेवले जाते, हेही समजून घेतले पाहिजे. त्या वर्षी ह्यूस्टन शहराने एकूण ४१ कोटी डॉलरचे पाच वेगवेगळे प्रस्ताव मांडले होते आणि उद्यानांचा प्रस्ताव हा त्यांतला ‘ब’ क्रमांकाचा, रकमेने सर्वांत मोठा प्रस्ताव होता. सार्वजनिक सुरक्षा, ग्रंथालये, परवडणारी घरे यांचे प्रस्ताव स्वतंत्र होते आणि प्रत्येकावर स्वतंत्र मत द्यायचे होते. त्या काळी टेक्सासमध्ये एकाच खुणेने एका पक्षाच्या सर्व उमेदवारांना मत देण्याची सोय होती, पण ती खूण अशा प्रस्तावांना लागू होत नसे, म्हणून लांबलचक मतपत्रिकेच्या तळापर्यंत जाऊन उद्यानांविषयीचा प्रश्न वाचणाऱ्या माणसाचेच मत तेथे मोजले गेले. महापौर ॲनिस पार्कर यांच्या प्रशासनाने या कर्जांमुळे कराचा दर वाढवावा लागणार नाही, असे सांगितले होते; जुनी कर्जे फिटत जातात तशी नव्या कर्जासाठी जागा होते, या हिशेबावर ते आश्वासन आधारलेले होते. शिवाय मंजुरी मिळाली म्हणजे दुसऱ्या दिवशी तिजोरीत पैसा येतो असेही नाही. मतदार केवळ कर्ज काढण्याचा अधिकार देतात. शहर आपल्या पंचवार्षिक भांडवली आराखड्यानुसार कामे जशी तयार होतील तसे टप्प्याटप्प्याने कर्ज काढते, आणि टेक्सासमध्ये प्रत्येक विक्रीपूर्वी राज्याच्या महान्यायवाद्याला कागदपत्रे तपासून ती कायदेशीर असल्याचे प्रमाणित करावे लागते.

प्रस्ताव स्वतंत्र ठेवण्याचे परिणाम किती दूरगामी असतात, याचे सर्वांत बोलके उदाहरण सिॲटलचे आहे. १३ फेब्रुवारी १९६८ रोजी सिॲटलच्या किंग काउंटीत, जेम्स एलिस या वकिलाच्या पुढाकाराने तयार झालेल्या ‘फॉरवर्ड थ्रस्ट’ या कार्यक्रमातील बारा प्रस्तावांवर मतदान झाले. कायद्याने ६० टक्के मते आवश्यक होती. उद्यानांसाठीचा ११ कोटी ८० लाख डॉलरचा प्रस्ताव ती अट ओलांडून गेला. शहरी रेल्वेच्या प्रस्तावाला निम्म्याहून किंचित अधिक मते पडली आणि तो नापास झाला, १९७० मध्ये पुन्हा नापास झाला, आणि त्यासाठी मिळू शकणारा संघराज्याचा निधी दुसरीकडे गेला. उद्यानांच्या पैशातून डिस्कव्हरी पार्क, गॅस वर्क्स पार्क, महामार्गावर छत घालून १९७६ मध्ये खुले केलेले फ्रीवे पार्क अशा जागांना बळ मिळाले. वाहतुकीपेक्षा उद्यान श्रेष्ठ, असा याचा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. बहुमत मिळूनही रेल्वे पडली ती ६० टक्क्यांच्या अटीमुळे, आणि सिॲटलने त्या नकाराची किंमत पुढची चार दशके वाहतुकीच्या कोंडीत मोजली. मतदाराला प्रत्येक प्रश्नावर वेगळे बोलू देणारी पद्धत शहराच्या गरजांची परस्परावलंबी वीण पाहू शकत नाही, ही तिची खरी उणीव आहे.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे आणि तीवर येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. कर्जातून मिळालेला पैसा भांडवली कामांसाठीच वापरता येतो. वाट बांधता येते, झाडता येत नाही. ह्यूस्टनच्या मतदारांनीच २००४ मध्ये मालमत्ता करापासून शहराला मिळणाऱ्या एकूण उत्पन्नाच्या वार्षिक वाढीवर मर्यादा घातलेली होती. महागाई आणि लोकसंख्यावाढ यांची बेरीज किंवा साडेचार टक्के, यांपैकी जे कमी असेल तेवढीच वाढ शहराला घेता येते. म्हणजे एका मतदानाने नव्या वाटा मागितल्या आणि आधीच्या मतदानाने त्या वाटांची निगा राखणाऱ्या खात्याचे हात बांधून ठेवले होते. किंडर फाउंडेशनच्या देणगीच्या सोबतीने शहर आणि पार्क्स बोर्ड यांच्यात निगेच्या वार्षिक खर्चाविषयी स्वतंत्र करार करण्यात आला तो याच कारणाने, आणि संपूर्ण योजनेतील सर्वांत दूरदृष्टीचा भाग म्हणून त्या कराराकडे पाहिले पाहिजे. पूरक्षेत्रातील वाटेला निगा किती लागते, हे ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वी वादळाने दाखवून दिले. हॅरिस काउंटीच्या काही भागांत चार-पाच दिवसांत एक मीटरहून अधिक पाऊस पडला, बायूकाठच्या वाटा पाण्याखाली गेल्या आणि पाणी ओसरल्यावर त्यांच्यावर गाळाचे थर उरले. तरीही घरे वाहून जाण्यापेक्षा वाट बुडणे बरे, आणि पूर पसरायला मोकळा काठ शिल्लक असणे हाच हरितमार्गाचा अदृश्य उपयोग, हे त्या आपत्तीनंतर पुष्कळांच्या लक्षात आले. २५ ऑगस्ट २०१८ रोजी, त्या वादळाच्या पहिल्या वर्षदिनी, काउंटीच्या मतदारांनी पूर नियंत्रणासाठी २५० कोटी डॉलरचे कर्ज सुमारे ८५ टक्के मतांनी मंजूर केले.

निगेच्या प्रश्नाला सरळ हात घालण्याचे श्रेय पोर्टलंडला द्यावे लागते. ओरेगन राज्यातील या महानगराचे ‘मेट्रो’ नावाचे लोकनियुक्त प्रादेशिक शासन आहे. १९९२ मध्ये मोकळ्या जमिनींसाठी २० कोटी डॉलरचा त्याचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला. १९९५ मध्ये रक्कम १३ कोटी ५६ लाखांवर आणून पुन्हा कौल मागितला गेला, तेव्हा तो मिळाला. जे मालक विकायला राजी असतील त्यांच्याकडूनच जमीन घ्यायची, सक्तीचे संपादन करायचे नाही, हे धोरण तेथे ठेवले गेले आणि आठ हजारांहून अधिक एकर जमीन लोकांच्या मालकीची झाली. २००६ मध्ये २२ कोटी ७४ लाखांचे आणि २०१९ मध्ये ४७ कोटी ५० लाखांचे कर्ज मंजूर झाले. परंतु घेतलेल्या जमिनीवर परकी झुडपे माजू लागली आणि ती काढायला कर्जाचा पैसा वापरता येत नव्हता, म्हणून २०१३ मध्ये मेट्रोने मतदारांकडे वेगळाच प्रश्न नेला: केवळ निगेसाठी, पाच वर्षांपुरता, मालमत्तेवर छोटासा जादा कर. तो मंजूर झाला आणि पुढे त्याचे नूतनीकरणही झाले. फीत कापण्याजोगे काहीही नसलेल्या कामासाठी लोक कर द्यायला तयार होतात, हे यातून सिद्ध झाले, आणि मतदार आकर्षक गोष्टींनाच भुलतो हा सर्वत्र आढळणारा समज किती उथळ आहे हेही.

हरितमार्गांमुळे कोणाचे किती भले होते, या प्रश्नाची उत्तरे मिश्र आहेत. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातील जॉन क्रॉम्प्टन यांनी ह्यूस्टनच्या पूर्ण झालेल्या जाळ्यापासून वर्षाला सुमारे ११ कोटी ७० लाख डॉलरचा लाभ होईल, असा अंदाज मांडला होता. त्यात आरोग्य, पाण्याची शुद्धता आणि जवळच्या घरांच्या वाढलेल्या किमती यांचा समावेश होता. अशा अंदाजांचा प्रचारात उपयोग होतो आणि ते निराधारही नसतात, पण घराची किंमत वाढणे हा मालकाचा लाभ असतो आणि भाडेकरूचे संकट. कर्ज फेडणाऱ्यांत मात्र दोघेही असतात, कारण घरमालक आपला कर भाड्यातून वसूल करतो. ह्यूस्टनच्या थर्ड वॉर्डमधील इमॅन्सिपेशन पार्क या संदर्भात आठवावे लागते. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय लोकांनी, जॅक येट्स आदी धर्मोपदेशकांच्या पुढाकाराने, १८७२ मध्ये आपापसांत पैसे जमवून दहा एकर जमीन मुक्तिदिनाच्या उत्सवासाठी विकत घेतली होती. त्यांना मतदारांचा कौल, रोखे किंवा देणगीदार यांपैकी काहीच उपलब्ध नव्हते, आणि वंशभेदाच्या काळात बरीच वर्षे शहरातील त्यांच्यासाठी खुले असलेले सार्वजनिक उद्यान ते एवढेच होते. आज त्याच परिसरात घरांच्या किमती चढत आहेत आणि जुने रहिवासी दूर जात आहेत. बायू सर्व वस्त्यांमधून जातात ही ह्यूस्टनच्या योजनेची मोठी नैतिक बाजू आहे, यात शंका नाही. पण वाट आल्यानंतर त्या वस्तीत तेच लोक टिकतील याची कोणतीही तरतूद त्या प्रस्तावात नव्हती. बायू पूर्व-पश्चिम वाहतात म्हणून उत्तर-दक्षिण जोडणी अपुरी राहते, तीही २०१३च्या एका राज्य कायद्यामुळे वीजवाहिन्यांच्या पट्ट्यांतून वाटा नेणे शक्य झाल्यावर सुधारू लागली. २०२० हे जाळे पूर्ण करण्याचे वर्ष ठरले होते. काही दुवे त्यानंतरही बांधले जात राहिले.

या सर्वांशी महाराष्ट्राचा संबंध उसना आणावा लागत नाही. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बागा, उद्याने, क्रीडांगणे आणि नागरी वनीकरण ही कामे नगरपालिकांच्या विषयांच्या बाराव्या अनुसूचीत घातली. कर्जरोख्यांचा मार्गही अहमदाबादने १९९८ मध्ये, नाशिकने १९९९ मध्ये आणि पुण्याने २०१७ मध्ये पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटी रुपये उभारून अनुसरला आहे. पुण्यात टेकड्यांवरील सुमारे ९७८ हेक्टर जमीन जैवविविधता उद्यानासाठी आरक्षित झाली. आरक्षण म्हणजे विकास आराखड्यात त्या जमिनीवर घातलेले बंधन. ती विकत घेण्याचा पैसा त्यात नसतो. पैशाऐवजी मालकांना हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे दुसरीकडे अधिक बांधकाम करण्याची विकता येणारी परवानगी, देण्याचे ठरले, तिचे प्रमाण ८ टक्के असावे असे राज्य सरकारने २०१५ मध्ये मान्य केले आणि तेवढ्यावर समाधान न झालेल्या मालकांच्या जमिनी लोकांच्या ताब्यात येण्याचे काम रेंगाळले. कोमीच्या आराखड्यानंतर ह्यूस्टनने जे गमावले, त्याच्याशी या विलंबाची तुलना करणे वावगे ठरणार नाही, कारण टेकडीचा उतार एकदा बांधकामाखाली गेला की नंतर काढलेले कर्ज तो परत आणत नाही.

पिंपरी-चिंचवड महापालिकेने त्यापुढचे पाऊल टाकले आहे. २०२३ मध्ये नदी पुनरुज्जीवनासाठी आणि २०२५ मध्ये निगडी परिसरातील ‘हरित सेतू’ या पादचारी व सायकलस्वारांच्या वाटांच्या जाळ्यासह काही कामांसाठी तिने प्रत्येकी २०० कोटी रुपयांचे रोखे विकले. महाराष्ट्रात हरितमार्गासाठी रोखेबाजारात उतरण्याचे हे उदाहरण स्वागतार्ह आहे. भारतीय कायद्यात अशा कर्जासाठी महापालिकेच्या सर्वसाधारण सभेचा ठराव आणि राज्य सरकारची मान्यता लागते, मतदारांचा कौल लागत नाही, आणि रोखे विकताना गुंतवणूकदाराला शहराची आर्थिक स्थिती, कामाचे स्वरूप, परतफेडीचे वेळापत्रक यांची माहिती सेबीच्या नियमांनुसार लेखी द्यावी लागते. या दोन्ही विक्रींच्या वेळी पिंपरी-चिंचवडमध्ये निर्वाचित सभागृह नव्हते. त्याची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती आणि सभेचे अधिकार प्रशासकाकडे होते. कर्ज फेडणाऱ्या रहिवाशाला ना मतपत्रिका मिळाली, ना त्याच्या वतीने प्रश्न विचारणारा नगरसेवक. गुंतवणूकदाराला दिले जाते तेच माहितीपत्रक मराठीत प्रत्येक प्रभागात मांडणे, त्यात निगेचा वार्षिक खर्च आणि प्रत्येक घरावर पडणारा भार लिहिणे आणि त्यावर प्रभागसभेचे मत नोंदवून घेणे, एवढे करायला कोणताही नवा कायदा लागत नाही.